कलामांचा फोटो

२००२ च्या जुलैमध्ये डॉ. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले. त्याच आठवड्यात आमच्या धाकट्यानं पेपरच्या पुरवणीतला त्यांचा रंगीत फोटो कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि सोप्याच्या भिंतीवर लावून टाकला. तेव्हा तो आठवीत होता. त्या भिंतीवर आधीपासून श्रवणबेळगोळच्या बाहुबली भगवंतांचा मोठा फोटो होता, आचार्य शांतिसागर महाराजांचा होता आणि खाली चंदनाचा हार घातलेला सासऱ्यांचा. पोरानं जागा शोधली ती नेमकी बाहुबलींच्या शेजारी.

सासूबाई दर्शन करून बस्तीतून आल्या. त्यांना घरात सगळे आक्का म्हणत. चप्पल काढता काढता त्यांनी भिंतीकडं बघितलं.

"अरं, ह्यो बॉम्ब केलेला माणूस न्हवं का? मग भगवंताच्या शेजारी कशाला लावलास?"

"आज्जी, ते शास्त्रज्ञ आहेत. राष्ट्रपती झालेत."

"व्हय, पण बॉम्ब केला का न्हाई?"

पोरगं गप्प झालं. मीही गप्प झाले. चार वर्षांपूर्वी, मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले तेव्हा निपाणीच्या चौकात पेढे वाटले होते आणि त्यातला पेढा आमच्याही घरी आला होता. आक्कांनी तेव्हा तो खाल्ला नव्हता. चतुर्दशी असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

नणंदेच्या यजमानांनी मध्ये पडून शास्त्र सांगितलं. हिंसा चार प्रकारची : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला पूर्ण सोडायची ती संकल्पी हिंसा. शत्रू दारात आला तर देशाचं रक्षण करणं ही विरोधी हिंसा, ती गृहस्थाला निषिद्ध नाही. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तलवारीला म्होरचा माणूस दिसतोय. बॉम्बला काय दिसतंय?"

मग त्यांचाच मुलगा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "आपण तंबाखू लावतोय न्हवं पन्नास वर्षं? त्येला कुठल्या हिंसेत घालायचं?" यावर आक्का काही बोलल्या नाहीत. फोटो मात्र त्यांनी स्वतः काढला आणि सासऱ्यांच्या फोटोच्या बाजूला, खालच्या रांगेत लावला. "ह्येंच्यात असू दे. माणसांच्यात."

त्या दिवसापासून कलामांविषयी जे मिळेल ते मी वाचत गेले. आक्कांचा प्रश्न डोक्यात ठेवूनच वाचलं असं म्हटलं तरी चालेल.

वाचायला सोपं गेलं याचं एक कारण आपल्या बेळगावात आहे. कलामांचं इंग्रजी आत्मचरित्र १९९९ मध्ये आलं. ते मराठीत 'अग्निपंख' म्हणून आणलं बेळगावच्या माधुरी शानभाग यांनी. त्या पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिका आणि कथाकार. रॉकेटचं इंधन, ज्वलन, थ्रस्ट हे सगळं आपल्या भाषेत सांगायला विज्ञान समजलेली आणि भाषा हातात असलेली बाई लागते. सीमेवरच्या गावात, कन्नड पाट्या आणि मराठी घरं यांच्या मधे राहून तिनं हे काम केलं. महाराष्ट्रात कितीतरी घरांतून ते पुस्तक दहावीच्या निकालाला भेट म्हणून दिलं गेलं, पण मुखपृष्ठ उलटून अनुवादिकेचं नाव वाचणारे थोडे. आपण तरी वाचावं. आपल्या गावची बाई आहे.

आता त्या पुस्तकातल्या रामेश्वरमकडं येते.

अब्दुल कलामांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा. वडील जैनुलाब्दीन, आई आशिअम्मा. मशीद गल्लीतलं चुन्याविटांचं जुनं घर, समोर समुद्र, जवळ रामनाथस्वामींचं देऊळ. वडिलांची आणि देवळाचे पुजारी पक्षी लक्ष्मण शास्त्री यांची मैत्री. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा चिंचोक्यांना एकाएकी गिऱ्हाईक आलं. हा मुलगा चिंचोके वेचून दुकानात विकायचा आणि दिवसाला एक आणा मिळवायचा. आमच्या भागात चिंचोके भाजून खायचे आणि त्यानं सारीपाट खेळायचा एवढंच आम्हाला ठाऊक, म्हणून हे वाचताना मला गंमत वाटली. पुढं युद्धामुळं रेल्वे रामेश्वरमला थांबेना, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकले जात. ते गोळा करायला त्याच्या चुलतभावाला, शमसुद्दीनला, हाताखाली कुणीतरी हवं होतं. कलामांची पहिली कमाई ती.

त्याच दिवसांतली एक रात्र त्यांनी पुढं अनेकदा सांगितली. रेशनचे दिवस, घर मोठं. आई वाढत गेली, मुलगा खात गेला. जेवण झाल्यावर थोरल्या भावानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आईनं तिच्या वाटच्या पोळ्यासुद्धा तुला वाढल्या, तिला काही उरलं नाही. मुलगा धावत जाऊन आईच्या गळ्यात पडला. ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, शाळेच्या भाषणात दर पंधरा ऑगस्टला येते. पण मला दर वेळी वाटतं की आपण ती मुलाच्या बाजूनंच ऐकतो. चुलीपाशी बसलेल्या बाईनं डब्यात हात घातला आणि डबा रिकामा लागला, तो क्षण कुणी सांगत नाही. तो क्षण आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट मला शिवसुब्रह्मण्य अय्यर यांच्या घरातली वाटते. हे कलामांचे विज्ञानाचे शिक्षक. सनातनी ब्राह्मण, पण मन मोकळं. त्यांची बायको मात्र फार सोवळ्यातली. अय्यरांनी एक दिवस ह्या मुसलमान मुलाला जेवायला घरी बोलावलं. आपल्या शुद्ध स्वयंपाकघरात ह्या मुलानं जेवायचं हे त्या बाईंना सोसवेना. त्यांनी वाढायला नकार दिला. अय्यर रागावले नाहीत. स्वतः वाढलं आणि त्याच्या शेजारी बसून जेवले. बाई दाराआडून बघत राहिल्या. निघताना अय्यरांनी मुलाला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं. तो बिचकला, तेव्हा ते म्हणाले की एखादी रीत बदलायची ठरवली की अशा अडचणी यायच्याच. पुढच्या आठवड्यात तो गेला तर बाईंनी त्याला स्वयंपाकघरात आत नेलं आणि आपल्या हातानं वाढलं.

त्या एका आठवड्यात त्या घरात काय झालं असेल याचा मी फार विचार केला आहे. आपण चौका लावणाऱ्या बायका. महाराजांच्या आहाराला पाणी कुठल्या विहिरीचं, गाळलेलं कसं, सोळ्याचं लुगडं कुणी शिवलं का, हे सगळं आपल्या अंगात मुरलेलं आहे. त्या शुद्धीचा अर्थ आहे, तो मी हलका करत नाही. पण शुद्धी पाण्याची आणि जिवांची, माणसाची नाही, हे आपण जेवढ्या सहज म्हणतो तेवढ्या सहज पाळत नाही. आमच्या मळ्यात तंबाखू खुडायला येणाऱ्या बाईला पाणी वेगळ्या तांब्यातून देताना मी कितीदा बघितलं आहे, आणि तो तांब्या माझ्याही हातात होता. अय्यरांच्या बायकोचं नाव पुस्तकात नाही. तिला एक आठवडा लागला. मला जास्त वर्षं लागली.

मग बांगड्या. रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कूलमधून आणि तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून शिकून मुलाची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमानविद्येसाठी निवड झाली. प्रवेशाला हजाराच्या आसपास रुपये लागणार होते. वडिलांकडं तेवढे नव्हते. तेव्हा बहीण झोहरा पुढं आली आणि तिनं आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. आपल्या कमाईतूनच त्या सोडवायच्या असं भावानं मनाशी ठरवलं आणि शिष्यवृत्तीसाठी रात्रंदिवस अभ्यास केला.

इथं मला आपल्याच समाजातली एक बाई आठवते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाई. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवायची. धान्य संपलं की लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना जायचा, शेवटी मंगळसूत्रही गेलं. जैन घरातली सून, आणि पंगतीत कोण कुठला हे विचारायचं नाही हे तिनं स्वीकारलं. १९३० मध्ये ती गेली. अय्यरबाईंचं स्वयंपाकघर आणि झोहराच्या बांगड्या, दोन्ही तिच्या एकटीच्या आयुष्यात आहेत. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात तिला एक प्रकरण मिळतं, तेही नवऱ्याच्या प्रकरणाच्या मागून.

कलामांच्या पुढच्या शिक्षणाचं आणि नोकरीचं थोडक्यात सांगते. १९५८ मध्ये दरमहा २५० रुपयांवर संरक्षण खात्याच्या तंत्रविभागात नोकरी. त्याआधी डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीसांत नववा नंबर आला आणि जागा होत्या आठ. बंगळुरात 'नंदी' नावाचं हवेच्या गादीवर तरंगणारं वाहन त्यांनी बांधलं. ते कामाला आलं नाही, पण त्यामुळं ते विक्रम साराभाईंच्या नजरेच्या टप्प्यात आले.

साराभाई म्हणजे अहमदाबादचं गिरणीमालक जैन घराणं. पैसा होता, दहा पिढ्या बसून खाल्लं असतं. हा माणूस विश्वकिरणांच्या मागं लागला आणि देशाची अवकाशसंस्था उभी केली. त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांत आपल्या कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते. केरळात थुंबाची जागा निवडण्यात त्यांचा वाटा होता. निपाणीहून तासाभरावर कोल्हापूर, पण हे नाव मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. घन इंधनाचं काम बघणारे वसंत गोवारीकर पुण्याचे. थुंबाच्या किनाऱ्यावर सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. गावकऱ्यांनी आणि बिशपांनी ते रॉकेटच्या कामाला दिलं. बिशपांच्या खोलीत नकाशे काढायचे, सामान सायकलवरून न्यायचं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. जैनाच्या पुढाकारानं, ख्रिश्चनांच्या देवळात, मुसलमान इंजिनियरनं जुळवलेलं. हे वाक्य लिहिताना मला भाषण केल्यासारखं वाटतंय, पण घडलं तसंच.

साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला गेले, वय अवघं ५२. कलाम त्या दिवशी त्यांना त्रिवेंद्रमच्या विमानतळावर भेटणार होते. दिल्लीहून निघताना फोनवर बोलणं झालं होतं. विमान उतरलं तेव्हा ती बातमीच समोर आली.

एस.एल.व्ही.-३ ची हकीगत मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती अपयशाची आहे. उपग्रह कक्षेत नेणारं भारताचं पहिलं वाहन, २३ मीटर उंच, १७ टन वजनाचं, आणि प्रकल्पाचे संचालक कलाम. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्यातून सोडलं आणि ३१७ सेकंदांत समुद्रात. इतक्या वर्षांचं काम पाच मिनिटांत बुडालं. पत्रकार जमलेले. कलाम कोपऱ्यात. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन पुढं झाले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, दुसरं उड्डाण जमलं, ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवन मागं थांबले आणि कलामांना म्हणाले, आज तुम्ही पत्रकारांशी बोला.

घरात सून नवीन असते तेव्हा भाजी करपली तर सासूनं "मीच गॅस मोठा ठेवला" म्हणायचं, आणि भाजी चांगली झाली तर "सुनेनं केली" म्हणायचं. आक्कांनी माझ्या बाबतीत दोनदा असं केलं आहे. (करपल्या त्याहून जास्त वेळा होत्या, ते सोडा.)

इथपर्यंत आक्कांनाही काही म्हणायचं नव्हतं. उपग्रहानं पाऊस कळतो, टीव्ही दिसतो. अडचण पुढची. १९८२ मध्ये कलाम हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत गेले. १९८३ मध्ये क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला. 'पृथ्वी'ची चाचणी फेब्रुवारी १९८८, 'अग्नी'ची २२ मे १९८९. १९९७ मध्ये भारतरत्न. १९९८ मध्ये पोखरण. कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून सांगते : क्षेपणास्त्राचं काम माणूस मारणं आहे. ते दुसऱ्याला थोपवायला ठेवलं, वापरायला नाही, हे युक्तिवाद मला समजतात आणि बहुतेक मला पटतातही. सीमेवर कुणाचा तरी मुलगा उभा असतो, आमच्या गल्लीतलाही एक बेळगावच्या मराठा इन्फंट्रीत आहे. पण पटणं वेगळं आणि पेढा खाणं वेगळं, हे आक्कांकडून मी शिकले.

कलाम स्वतः शाकाहारी. सेंट जोसेफच्या वसतिगृहात शाकाहारी खाणावळीचे ते चिटणीस होते. आपल्या लोकांना ही गोष्ट फार आवडते, आणि व्याख्यानात हमखास येते : बघा, मुसलमान असून शाकाहारी! मला त्या 'असून'चा राग येतो. त्यांनी मांस सोडलं ते पैसे पुरत नव्हते म्हणून, असं त्यांनीच सांगितलंय. पुढं सवय झाली. शाकाहार एवढ्यावरून कुणी अहिंसक ठरत असेल तर आपल्यातले सावकार सगळे तीर्थंकर व्हायचे.

अहिंसेचा खरा प्रश्न त्यांच्यापुढं एका जैन साधूनंच ठेवला. ऑक्टोबर १९९९ मध्ये, पोखरणनंतर दीड वर्षानं, कलाम दिल्लीजवळ मेहरौलीला आचार्य महाप्रज्ञांच्या दर्शनाला गेले. महाप्रज्ञ तेरापंथी श्वेतांबर. आपण दिगंबर, आणि आपल्याकडं अशा वेळी "ते त्यांचे" म्हणून विषय संपवतात. मी संपवत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास भेट झाली. महाप्रज्ञांनी केलेल्या कामाबद्दल आशीर्वाद दिला, आणि मग म्हणाले की तुमच्यासाठी याहून मोठं काम आहे : ही अण्वस्त्रं निरुपयोगी ठरतील, राजकारणातसुद्धा त्यांना किंमत उरणार नाही, अशी शांततेची व्यवस्था शोधा. कलामांनी लिहून ठेवलंय की ते ऐकून सगळीकडं शांतता पसरली आणि आयुष्यात प्रथमच असं काही आपल्याला सांगितलं गेलं असं त्यांना वाटलं.

आक्कांनी विचारलं तेच. फक्त साधूंनी आधी आशीर्वाद दिला.

कलामांनी हे काम पुरं केलं का? नाही. त्या दिशेनं गेले मात्र. राष्ट्रपती असताना, १५ ऑक्टोबर २००३ ला आपल्या वाढदिवशी ते सुरतेला महाप्रज्ञांकडं गेले, निरनिराळ्या धर्मांचे प्रमुख एकत्र बसवले, एक जाहीरनामा केला. पुढं दोघांनी मिळून कुटुंब आणि राष्ट्र या विषयावर पुस्तक लिहिलं, ते २००८ मध्ये आलं. अण्वस्त्रं होती तिथंच आहेत. जाहीरनाम्यांनी ती जात नाहीत.

माझ्या मते त्यांचं उत्तर जाहीरनाम्यात नाही, तीनशे ग्रॅममध्ये आहे. अग्नीच्या टोकाशी लावायला हलका आणि मजबूत असा कार्बनचा पदार्थ त्यांच्या प्रयोगशाळेत केला होता. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधले एक हाडांचे डॉक्टर प्रयोगशाळा बघायला आले. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, त्याचं वजन बघून चकित झाले आणि कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथं पोलिओ झालेली मुलं-मुली तीन किलोंहून जड लोखंडी कॅलिपर पायात घालून फरफटत चालत होती. तीन आठवड्यांत कलामांच्या माणसांनी त्याच पदार्थाचं ३०० ग्रॅमचं कॅलिपर केलं. मुलं चालायला लागली. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला सर्वांत मोठा आनंद कशानं झाला हे सांगताना कलाम ही गोष्ट सांगत.

ही गोष्ट मी आक्कांना सांगितली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. आमच्या गल्लीत पोलिओची एक मुलगी होती, लोखंडाचं कॅलिपर, चालताना खणखण वाजायचं. आक्का म्हणाल्या, "ते हलकं कुठं मिळतंय? ह्या पोरीला आणता ईल काय?" मी कोल्हापूरला, बेळगावला चौकशी केली. एका ठिकाणी म्हणाले नाव द्या, कळवतो. दोन वर्षं कळवलं नाही. मुलगी लग्न होऊन गेली ती त्याच लोखंडावर. क्षेपणास्त्र हजार किलोमीटरवर अचूक जातं आणि तीनशे ग्रॅमची वस्तू हैदराबादहून निपाणीला येत नाही, हे काही कलामांच्या माथी मारता येणार नाही. पण त्यांचं चरित्र लिहिताना हेही लिहायला पाहिजे.

राष्ट्रपती म्हणून त्यांच्याविषयी गोड खूप लिहिलं गेलंय. नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहायला आले तर त्यांच्या खर्चाचे साडेतीन लाख रुपये स्वतःच्या खिशातून भरले, इफ्तारच्या मेजवानीचा खर्च अनाथाश्रमांना दिला, हे खरं आहे आणि कौतुकाचंच आहे. मला आणखी दोन-तीन गोष्टी आठवतात. २००२ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभ्या होत्या कॅप्टन लक्ष्मी सहगल, नेताजींच्या झाशीची राणी पथकाच्या प्रमुख, वय ८७. हरणार हे माहीत असून उभ्या राहिल्या. आपण त्या निवडणुकीचं नाव काढतो तेव्हा ह्या बाईचं नाव घेत नाही. दुसरी गोष्ट मे २००५ ची. बिहारची विधानसभा बरखास्त करण्याच्या आदेशावर कलामांनी मॉस्कोतून, रात्री, सही केली. सर्वोच्च न्यायालयानं ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर राजीनामा द्यावा असं आपल्या मनात आलं होतं हे त्यांनी पुढं स्वतःच लिहिलं. सही करण्याआधी एक रात्र थांबायला हवं होतं असं माझं मत आहे. आणि २००४ मध्ये धनंजय चॅटर्जीचा दयेचा अर्ज त्यांनी फेटाळला, ऑगस्टमध्ये फाशी झाली. पुढं त्यांनी लिहिलं की फाशीच्या प्रकरणांचा अभ्यास करवून घेतला तेव्हा त्यात गरिबीचा आणि सामाजिक स्थितीचा पक्षपात दिसला. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे.

२००६ च्या जानेवारीत कलाम श्रवणबेळगोळला आले आणि महामस्तकाभिषेक महोत्सवाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. आम्ही निपाणीच्या बायका फेब्रुवारीत बस करून गेलो. आक्का ऐंशीच्या, तरी विंध्यगिरी चढल्या, डोलीत बसल्या नाहीत. वर बाहुबलींच्या पायाशी उभं राहिल्यावर मला आमच्या सोप्यातली भिंत आठवली.

५७ फुटांची ही मूर्ती ९८१ च्या सुमाराला कुणी करवली? चावुंडरायानं. तो कोण? गंग राजांचा सेनापती. रणांगणात पराक्रम गाजवून पदव्या मिळवलेला माणूस. त्याला मूर्तीची आस लावली त्याच्या आईनं, काललदेवीनं. आणि मूर्ती कुणाची? युद्ध जिंकता जिंकता थांबलेल्याची. भरत आणि बाहुबली यांच्या मंत्र्यांनी ठरवलं की सैन्य मरायला नको, भावाभावांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावं. तिन्ही बाहुबलींनी जिंकलं, भावाला वर उचललं, आणि तिथंच सगळं सोडलं. मूर्तीच्या पायाशी चावुंडरायाचं नाव कन्नडात आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीत आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव ओळींत ती ओळ धरतात. भाषेवरून एकमेकांच्या पाट्यांना काळं फासणाऱ्या आमच्या भागातल्या पोरांना एकदा तिथं नेऊन उभं करावं असं मला वाटलं. तमिळ बोलणारा, हिंदी बेताची असलेला राष्ट्रपती महिन्याभरापूर्वी त्याच पहाडाच्या पायथ्याशी येऊन गेला होता.

मी आक्कांना म्हटलं, "ही मूर्ती करणारा पण लढाईच करायचा." आक्का धापा टाकत होत्या. म्हणाल्या, "म्हणून तर केली. आणि पहिलं दूध त्येचं पुरलं न्हाई, त्या गुळ्ळकायज्जीचं पुरलं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : सेनापतीनं घडेच्या घडे दूध ओतलं, ते मूर्तीच्या मांडीखाली उतरेना. एका म्हातारीनं फळाच्या करवंटीत आणलेलं चमचाभर दूध पायापर्यंत पोचलं. तिची मूर्ती तिथं बाहुबलींच्या समोर उभी आहे. आक्का तिच्यापाशी बराच वेळ थांबल्या.

२७ जुलै २०१५ ला शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलता कलाम कोसळले. व्याख्यानाचा विषय होता राहण्याजोगी पृथ्वी. ३० तारखेला रामेश्वरमला दफन झालं, ते आम्ही दिवसभर टीव्हीवर बघितलं. आक्का तेव्हा नव्वदीत, दिसायचं कमी झालेलं. मी सांगत होते, त्या ऐकत होत्या. नव्वदी ओलांडलेले थोरले भाऊ आहेत, त्यांना आणलंय, म्हटलं. नातवानं पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो तेरा वर्षांत पिवळा पडला होता. तिच्या हातून त्याला कधी हार पडला नव्हता, पण दिवाळीला भिंत सारवताना कुणी तो काढूही दिला नव्हता.

टीव्ही बंद केल्यावर त्या म्हणाल्या, "ते पुस्तक हाय न्हवं तुझ्याकडं? बहिणीनं बांगड्या दिल्याल्या, तेवढं वाच."

मी कपाटातून 'अग्निपंख' काढलं आणि ते पान शोधू लागले.